टॅडकास्टरचा थांबा

आमच्या घरात खरेदीचे निर्णय देवयानी घेते आणि खरेदीच्या पिशव्या मी उचलतो. ही वाटणी नेमकी कधी झाली ते आठवत नाही, पण लग्नाला बारा वर्षं झाली आणि कुणाची तक्रार नाही. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात मी एकटाच जाऊन, एकट्यानेच बघून आणि कुणालाही न विचारता सही करून एक जुनी इलेक्ट्रिक गाडी घरी आणली, तेव्हा देवयानी दारात येऊन तिच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघत राहिली.

"कोणाची आहे?"

"आपली," मी म्हणालो. हा शब्द उच्चारताना माझी छाती जरा फुगली असावी, कारण शर्टाचं बटण ताणल्याचं मला जाणवलं.

गाडी निळी, लहानखुरी आणि नऊ वर्षांची होती. आधी ती एका निवृत्त व्हिकरबाईंची होती. त्यांनी ती घर ते चर्च आणि चर्च ते घर एवढीच चालवली होती. डीलरने ही गोष्ट तिच्या गुणांमध्ये धरली. तिला त्यापलीकडचा विचार करायची सवय नसेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चार्ज पूर्ण असला की ऐंशी मैल जाते, असं तो म्हणाला. माझं ऑफिस यॉर्कच्या बाहेर एका बिझनेस पार्कात, आणि आम्ही राहतो लीड्सला. जाऊन-येऊन पन्नास मैल. म्हणजे तीस मैल शिल्लक. आयुष्यात कशातच इतकं शिल्लक राहण्याची मला सवय नव्हती.

"बाबा, गाडी आवाज का नाही करतो?" आमच्या मायराने विचारलं. ती नऊ वर्षांची आहे, लीड्समध्येच जन्मली, आणि तिच्या मराठीत सगळ्या जगाला समान लिंग आहे.

"शिकलेली आहे म्हणून," मी म्हणालो.

सल्ल्यांना त्याच संध्याकाळी सुरुवात झाली. शेजारचे ब्रायन, बसचालक म्हणून निवृत्त झालेले, कुंपणावरून वाकून बराच वेळ गाडी न्याहाळत होते. "ग्रँड लिटल थिंग, लॅड," ते म्हणाले, आणि मग आकाशाकडे बघून नुसतेच सुस्कारले. मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी फोटो टाकला तर अर्ध्या तासात तिथे बॅटरीवर परिसंवाद भरला. नागपूरच्या हरीशने लिहिलं, "हीटर लावू नको बे, ब्लँकेट घेऊन बस." पुण्याच्या सतीशने मात्र फोनच केला. "तू मला आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. विंटरमध्ये यांची रेंज अर्धी होते. तुला माझी डिझेल द्यायला मी तयार होतो रे." सतीशची डिझेल गाडी वर्षभर विकाऊ आहे. ती विकली जात नाही, म्हणून तो इतरांच्या गाड्यांची काळजी करतो.

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे देवयानीने सगळं ऐकलं. ती रागावली नाही. ती रागावत नाही, अटी घालते. "राहू दे गाडी. पण थंडी संपेपर्यंत एकदा जरी ट्रकवर चढून घरी आली, किंवा तुला अर्ध्या रस्त्यात सोडलं, तर विकायची. आणि सतीशची घ्यायची. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. सतीशच्या गाडीत बसून, सतीशने निवडलेल्या सीट-कव्हरवर टेकून उरलेलं आयुष्य काढायची माझी तयारी नव्हती. निदान एक निर्णय तरी आपला असावा आणि तो बरोबर निघावा, एवढी इच्छा कुणाही नवऱ्याला असू शकते.

ऑक्टोबर छान गेला. नोव्हेंबरात काचेवर दव गोठायला लागलं आणि गाडीने माझ्याशी हिशेब करणं सुरू केलं. घरून निघताना ती सत्तर म्हणायची, हीटर लावला की पंचावन्न म्हणायची. मी हीटर बंद केला. मग वायपरचाही संशय येऊ लागला. रेडिओ तर मी केव्हाच सोडला. महिनाअखेरीस माझा पोशाख असा असे: आतून थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला माकडटोपी, मांडीवर आईने शिवलेली गोधडी आणि गोधडीच्या आत गरम पाण्याची पिशवी. ए-सिक्स्टीफोर महामार्गावर एका मोठ्या ट्रकच्या मागे, त्याच्या आडोशाने, पंचेचाळीसच्या वेगाने मी जात असे. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली मुलं मला हात करायची. एकदा तशाच माकडटोपीत मी ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये शिरलो आणि रिसेप्शनिस्टने मला आज डिलिव्हरी काय आहे असं विचारलं. मी तिथे सहा वर्षं सीनिअर अॅनालिस्ट आहे.

ऑफिसात चार्ज केलं तर प्रश्नच मिटणार होता. इमारतीबाहेर भिंतीला एक प्लग होता. मी फॅसिलिटीज विभागाला नम्र ईमेल पाठवला. उत्तर आलं की तो प्लग ख्रिसमस ट्रीसाठी राखीव आहे. ट्रीशी वाटून घेता येईल का, असं मी विचारलं. त्यावर रिस्क असेसमेंट करावं लागेल, असं कळलं. ते करणारा माणूस स्वतःच्या गाडीने येणार होता आणि त्याला आधी पार्किंगचं रिस्क असेसमेंट हवं होतं. इकडे ट्री दिवसरात्र लुकलुकत होती आणि मी खिडकीतून तिच्याकडे, भरल्या ताटाकडे बघावं तसा बघत होतो.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी व्हायचं ते झालं. घरी परतताना टॅडकास्टरच्या अलीकडे डॅशबोर्डवर एक छोटं पिवळं कासव उगवलं. ही कुणाची कल्पना होती ठाऊक नाही. माणूस आधीच घाबरलेला असताना त्याला कासव दाखवायचं! गाडीचा वेग आपोआप उतरला. मी टॅडकास्टर गावात वळलो. तिथल्या चार्जरवर कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली होती. बंद. आता ट्रक मागवायचा म्हणजे सतीशची डिझेल. मी तसाच रांगत रांगत एका गल्लीत शिरलो आणि समोरच्या खिडकीत मला आकाशकंदील दिसला.

चांदणीचा नाही, बरं का. कागदी झिरमिळ्यांचा, अस्सल आपला. डिसेंबरात, टॅडकास्टरमध्ये. मी गोधडीसकट खाली उतरलो आणि बेल वाजवली.

दार एका उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी उघडलं. त्यांनी माझी माकडटोपी पाहिली, गोधडी पाहिली आणि आतल्या बाजूला ओरडून सांगितलं, "अगं, आपल्यापैकी कोणीतरी आलंय!"

ते शशीकाका आणि रेखाकाकू. काका पन्नास वर्षांपूर्वी इथल्या बिअरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून आले. आयुष्यभर बिअर चाखली आणि थुंकली, एक थेंब गिळला नाही. निवृत्त होऊनही त्यांना त्याचा अभिमान होता. आकाशकंदील दिवाळीनंतर उतरवला नव्हता, कारण शिडीवर चढायला काकू परवानगी देत नव्हत्या. गल्लीतल्या लोकांना तो ख्रिसमसचा वाटे आणि ते काकांना लवकर तयारी केल्याबद्दल शाबासकी देत.

"गाडीचं काय ते आपण बघू. आधी चहा," काका म्हणाले. केबल खिडकीच्या फटीतून आत आली, बोळातल्या चपलांच्या कपाटाशेजारच्या प्लगला लागली, आणि फटीत काकूंनी जुना टॉवेल कोंबला. मला घरी जायला पाच मैलांची भर हवी होती. चहा, थालीपीठ, पुन्हा चहा, एवढ्यात ती झाली. देवयानीला मी सांगितलं की मीटिंग लांबली. मीटिंग लांबलीच होती, फक्त ऑफिसात नाही.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती. पण निघताना काकूंनी हातात स्टीलचा डबा दिला. "चार थालीपीठं आहेत, वाटेत खा." थालीपीठं मी गाडीतच संपवली. डबा राहिला. आणि मराठी माणसाच्या घरून आलेला डबा रिकामा परत जात नाही, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. आता घरातून काही भरून न्यावं तर देवयानी विचारणार, कोणासाठी? मग मी दुकानातून चकल्या घेतल्या, डब्यात भरल्या, आणि पुढच्या गुरुवारी, पुन्हा थंडी कडक असल्याने, टॅडकास्टरला थांबलो.

काकूंनी एक चकली मोडली, वास घेतला, आणि माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की मला स्वतःचीच दया आली. "मिसेस करत नाहीत का काही घरी?"

"करते ना!"

"असू दे, असू दे. नोकरी करणाऱ्या मुलींना वेळ कुठे असतो." त्या दिवशी दोन डबे मिळाले.

दोन डबे दोन पाकिटं शेव होऊन परत गेले. शेव पाहून काकूंनी डोळे पुसले आणि मला जेवायलाच बसवलं. जानेवारीपर्यंत व्यवस्था अशी झाली की मी आठवड्यातून तीनदा टॅडकास्टरला जेवत होतो आणि घरी येऊन, संशय नको म्हणून, पुन्हा जेवत होतो. शर्टाची बटणं आता अभिमानाशिवायही ताणली जात होती.

त्यातच एक नवी काळजी लागली. गाडी चार्जच होईना. पहिल्या दिवशी जे काम थालीपीठ संपेपर्यंत झालं होतं, त्याला आता दोन-दोन तास लागत. मी उठून बघायला निघालो की काका म्हणत, "बस रे, थंडीत बॅटरीला झोप लागते," आणि काँग्रेस, क्रिकेट किंवा कोकणस्थांच्या कंजूषपणावर नवा वाद उकरून काढत. वादात काका मस्त रंगायचे. पण माझं अर्धं लक्ष बाहेर. बॅटरी मरायला लागली, मला वाटायचं. सतीशची डिझेल डोळ्यांपुढे उभी राहायची, सीट-कव्हरसकट.

घरीही वातावरण तापत होतं. एका रात्री देवयानीने माझा शर्ट मशीनमध्ये टाकता टाकता नाकाशी धरला. "ही फोडणी आपल्या घरची नाही."

"ऑफिसच्या कँटीनमध्ये करी होती."

"कँटीनमध्ये ताजा कढीपत्ता घालतात? आणि हिंग?"

"बाबाचा शर्ट खूप छान वास येते," मायरा म्हणाली. देवयानीने मशीन सुरू केलं. फिरणाऱ्या कपड्यांकडे ती बराच वेळ बघत उभी होती.

मग आलं हळदीकुंकू. संक्रांतीनंतरचा शनिवार, घरात मंडळातल्या बायका, आणि मी परंपरेप्रमाणे स्वयंपाकघरात चहाच्या भांड्याशी. वाण म्हणून देवयानीने प्लॅस्टिकच्या छोट्या बरण्या आणल्या होत्या आणि त्या गाडीच्या डिकीत होत्या. त्या आणायला गेली सतीशची बायको आसावरी. डिकीत दोन पिशव्या होत्या. माणसाच्या नशिबात जे असतं तेच त्याच्या डिकीत असतं. आसावरीने दुसरी पिशवी उचलली.

"अय्या देवयानी, स्टीलचे डबे? किती खर्च केलास! आणि नावं पण घालून आणलीस?" बाहेरून आवाज आला. मग तिने वाचलं, अगदी शाळेतल्यासारखं स्पष्ट: "चि. सौ. कां. रेखा हिस सप्रेम भेट." आणि तिनेच विचारलं, "पण ही रेखा कोण?"

भांड्यांवर नावं घालण्याच्या आपल्या पद्धतीला मी तोपर्यंत कधी नावं ठेवली नव्हती. खाली तारीखही कोरलेली होती म्हणे, पण ती घासून घासून गेली होती. उरली होती फक्त लग्नाला उभी राहिलेली रेखा, पाच डब्यांवर पाच वेळा.

देवयानी चहाला किती वेळ आहे ते बघायला म्हणून आत आली. दार लावून घेतलं. "कोण रेखा?"

खरं सांगितलं तर गाडी जाणार होती आणि खोटं सांगितलं तर मी. "शशीकाकांची बायको," मी म्हणालो.

"म्हणजे लग्न झालेली?"

"अगं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी! चार्जिंगला जातो मी तिथे!"

हे वाक्य मनात जितकं निरागस होतं तितकं ते बाहेर आल्यावर राहिलं नाही. चहा उतू गेला. देवयानीने गॅस बंद केला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "उद्या मला तिथे घेऊन चल. याच गाडीतून."

रविवारी दुपारी बाहेर पाणी गोठलेलं होतं आणि आदल्या दिवशीच्या गडबडीत गाडी अर्धीच चार्ज झाली होती. आम्ही तिघं एका गोधडीत निघालो. देवयानीच्या मांडीवर पाचही डबे होते, भरलेले. सकाळी लवकर उठून तिने गूळपोळ्या, वड्या, मेथीचे लाडू केले होते. एवढ्या रागात इतका चांगला स्वयंपाक मी कधी पाहिला नव्हता. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "मला सांगितलं का नाहीस?"

"गाडी गेली असती," मी म्हणालो. "आणि मला ती आवडते."

तिने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या बाजूची गोधडी जरा माझ्याकडे सारली.

काकूंनी दार उघडलं. देवयानीने वाकून नमस्कार केला. काकूंचे पांढरे केस, जाड चष्मा आणि त्यावरून गुंडाळलेली शाल पाहिल्यावर तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला मागून दिसलं. पण लढाई व्हायची होती. काकूंनी तिला जवळ घेऊन प्रेमाने विचारलं, "कामातून स्वयंपाकाला वेळ मिळत नाही, होय ना गं? काही हरकत नाही हो. हा इथे जेवतो पोटभर."

देवयानीने डबा उघडला आणि गूळपोळी काकूंच्या हातात दिली. काकूंनी तुकडा मोडला. चावला. "खसखस भाजून घातलीस?"

"हो. आणि थोडं बेसन, गूळ बाहेर येऊ नये म्हणून."

"आणि हा मेला मला दुकानच्या चकल्या आणून देत होता!" दोघी माझ्याकडे वळल्या. बायकांमध्ये मैत्री इतक्या पटकन होते आणि ती नेमकी आपल्याच जिवावर होते, हा माझा जुना अनुभव आहे. पुढचा पाऊण तास त्यांनी माझी यथासांग खरडपट्टी काढली. मायरा काकांबरोबर कॅरम खेळत होती आणि सोंगट्यांना बिनदिक्कत 'तो' म्हणत होती. काका तिची प्रत्येक चूक दुरुस्त करत होते आणि आनंदात होते.

शेवटी देवयानी मूळ मुद्द्यावर आली. "म्हणजे गाडी पोचत नाहीच घरी. मला कळायला हवं होतं."

मी मान खाली घातली. "पोचत नाही. आणि आता तर पाच मैलांना दोन तास लागतात. बॅटरी गेली बहुतेक. सतीशला फोन करतो मी." गाडीसाठी रडू येण्याचं माझं वय नाही, पण आलं.

काका खाकरले. त्यांनी सोंगटी बाजूला ठेवली. "फोन करू नकोस," ते म्हणाले. "गाडीचा काही दोष नाही. पहिल्या दिवशी चहा होईपर्यंत भरली होती की नाही? त्यानंतर बोळातला स्विच मी बंद करायचो."

"अहो!" काकू म्हणाल्या.

"तू आलास की मजा यायची रे. इथे मराठीत भांडायला माणूस नाही. हिच्याशी भांडत पंचेचाळीस वर्षं झाली, सगळे मुद्दे संपले. मुलगा टोरांटोहून फोन करतो तो यस-नो बोलतो आणि ठेवतो. मग जरा टॉयलेटला म्हणून उठायचो आणि बंद करायचो. तू फार हळहळायला लागलास की चालू करायचो. फसवलं तुला, हे खरं." एवढं बोलून ते बोर्डावरच्या राणीकडे बघत बसले.

मला राग यायला हवा होता. डबल जेवणांनी माझं पोट वाढलं होतं, माझी रात्रीची झोप गेली होती. पण बॅटरी ठणठणीत होती! मी उठून काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिलो, इतका की त्यांना काय करावं कळेना.

देवयानी विचार करत होती. "ट्रकवर चढली नाही," ती म्हणाली. "आणि अर्ध्या रस्त्यात सोडलं म्हणावं, तर तुला अर्ध्या रस्त्यात घर मिळालं. राहू दे गाडी. पण यापुढे इथे येताना दुकानातलं काही आणलंस तर बघ."

जेवणं झाली. काकूंचं वालाचं बिरडं आणि देवयानीच्या गूळपोळ्या. बाहेर अंधार पडला होता, मायराची उद्या शाळा होती. मी कोट चढवला आणि आल्या आल्या प्लगला लावलेल्या गाडीचा काटा बघून आलो. आलो तेव्हा जिथे होता, तिथेच होता. एक मैलसुद्धा वर नाही.

मी आत येऊन काकांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही हात वर केले. "आज मी नाही. शपथ. जागचा हललो नाही."

"काय झालं?" स्वयंपाकघरातून देवयानीने विचारलं. ती आणि काकू ओट्याशी उभ्या होत्या. काकूंच्या हातात पोहे भाजायची कढई होती.

"चार्ज झालीच नाही."

"अरेरे," ती म्हणाली. "मग बसायला लागेल अजून. काकू, तुम्ही चिवड्याचं सांगत होता ना?"

"बाबा," मायरा बोळातून ओरडली, "आईनी बटण बंद केला!"

मी कोट काढला आणि कॅरमपाशी जाऊन बसलो. काका सोंगट्या मांडायला लागले होते.